गिरणगावावर कथा लिहायची आहे? आधी पात्राची उधारी मांडा

दोन महायुद्धांच्या मधल्या मुंबईतील गिरणी कामगारांवर कादंबरी लिहावी, असे माझ्या मनाने घेतले तेव्हा माझ्याजवळ आजीच्या काही आठवणी, इतिहासाची चार पुस्तके आणि पुष्कळसा आवेश, एवढेच भांडवल होते. त्या भांडवलावर मी दीडशे पानांचा खर्डा पुरा केला आणि शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना वाचायला दिला. त्यांचे वडील १९२८ च्या संपात होते. त्यांनी वही परत देताना स्तुती केली नाही, टीकाही केली नाही. त्यांनी फक्त विचारले, "ह्या तुमच्या माणसाला वाण्याने सहा महिने उधार का दिले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझा नायक भाषणे ऐकत होता, लाठ्या खात होता, पण तो जेवत कशाच्या जोरावर होता, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. तो खर्डा मी बाजूला ठेवला आणि पुढे ज्या क्रमाने काम केले, तो क्रम येथे देत आहे. या विषयावर प्रथमच लिहू पाहणाऱ्याचे निदान एक वर्ष त्यामुळे वाचेल, असे वाटते.

१. आधी वर्ष ठरवा, मग महिना

"दोन युद्धांमधला काळ" हा कथेचा काळ होऊ शकत नाही, कारण या वीस वर्षांत कामगाराचे आयुष्य तीन-चार वेळा उलटेपालटे झाले. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ आली, धान्य महागले, आणि जानेवारी १९१९ मध्ये लाखावर कामगार गिरण्यांबाहेर पडले. १९२० च्या आरंभी पुन्हा सार्वत्रिक संप झाला. १९२४ चा संप बोनससाठी होता आणि तो कामगार हरले. १९२५ चा संप साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध होता आणि तो ते जिंकले, कारण सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला व त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी, म्हणजे कम्युनिस्ट कटाच्या आरोपावरून, पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वर्षीचा दुसरा संप फसला, नंतर मंदी आली, आणि १९३४ चा संप त्या मंदीच्या पोटातूनच निघाला.

१९२६ चा कामगार नुकताच एक लढाई जिंकलेला आहे, तर १९३३ चा कामगार गिरणीचे दार बंद होण्याच्या धाकात आहे. एकाच तोंडी दोघांची भाषा घातली की वाचकाला काही तरी खटकते, जरी त्याला कारण सांगता आले नाही. महिनाही तितकाच महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असते, लावणीच्या दिवसांत गावाकडून बोलावणे येते आणि गौरी-गणपतीला रजा मिळाली नाही तर माणूस खाडा करून जातो. माझ्या पहिल्या खर्ड्यातला नायक जुलै महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसला होता.

२. हाताशी काय असावे

(अ) मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचे मासिक 'लेबर गॅझेट'. हे १९२१ पासून निघू लागले आणि त्यात भाव, वेतन, तंटे, अपघात यांच्या नोंदी महिन्यावारी सापडतात.

(आ) त्याच ऑफिसने केलेल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या दोन पाहण्या, एक १९२१-२२ ची आणि दुसरी १९३२-३३ ची. माझ्या मते या विषयावरील कोणत्याही कादंबरीचा पाया यांतच आहे.

(इ) रॉयल कमिशन ऑन लेबरचा १९३१ चा अहवाल. मूळ अहवालापेक्षा त्याच्या पुढे झालेल्या साक्षींचे खंड अधिक उपयोगी, कारण त्यांत माणसे बोलतात.

(ई) १९२८ च्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीचा अहवाल. गिरणीतले नियम, दंड आणि संपवाल्यांच्या सतरा मागण्या यांची चर्चा त्यात तपशिलाने आहे.

(उ) त्या काळातील मराठी नियतकालिके: 'क्रांती', 'बहिष्कृत भारत' आणि दैनिकांच्या फायली. बातमीपेक्षा जाहिराती आधी वाचा.

(ऊ) रस्त्यांची जुनी नावे असलेला नकाशा, एक जुने पंचांग आणि हिशेबाची कोरी वही.

पुराभिलेखागार फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. एशियाटिक सोसायटी व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथेही बरेच हाती लागते. जाण्यापूर्वी ओळखपत्र, छायाचित्रे आणि विषय सांगणारे एक पत्र बरोबर घ्या, आणि पहिल्याच दिवशी कागद समोर येतील अशी अपेक्षा धरू नका.

३. माणूस कोठला, आणि कोणत्या खात्यातला

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत जन्मलेले लोक शेकडा सोळाच्या आसपास होते, म्हणजे तुमचे पात्र बहुधा कोठून तरी आलेले असणार. रत्नागिरीचा असेल तर तो बोटीने आला, साताऱ्याचा किंवा पुण्याच्या बाजूचा असेल तर रेल्वेने, आणि उत्तरेकडील जुलाहा असेल तर त्याचा मुक्काम मदनपुऱ्यात. यावरून त्याची खोली, खाणावळ, तालीम, भजनी मंडळ आणि भांडणातला पक्षसुद्धा ठरतो. गाव म्हणजे केवळ आठवणींचे ठिकाण, अशी समजूत करून घेऊ नका. गावच्या माणसाच्या शब्दावरच मुकादमाने, म्हणजे कामगारांची भरती व देखरेख करणाऱ्या माणसाने, त्याला कामावर लावलेले असते आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावातले घर चालत असते.

खात्याचा निर्णय जातीपासून वेगळा करता येत नाही. कापडखात्यात, म्हणजे मागांवर, कमाई चांगली होती, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश नव्हता. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारे साधन; त्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आपण तोंड लावणार नाही, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या सूतखात्यांत अडकून राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. सर्व कामगार एका लाल बावट्याखाली भावंडांसारखे उभे आहेत, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. त्या चित्रात हा धोटा कोठे बसवणार, हे आधी स्वतःला विचारा.

स्त्रिया एकूण कामगारांच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतक्या होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे स्त्री मुकादमाच्या, हाताखाली. रात्रपाळी त्यांना कायद्याने बंद होती. जिला घरातला सर्व स्वयंपाक उरकून भोंग्याआधी दारात पोहोचायचे आहे, तिचा दिवस पुरुषाच्या दिवसापेक्षा दोन-तीन तास आधी सुरू होतो, म्हणून तिच्या प्रकरणाची पहिली ओळ अंधारातच लिहावी लागते.

४. जमाखर्च मांडा

हे पाऊल कोणी टाळू नये, आणि मी यावर सर्वांत अधिक वेळ घालवला. कोऱ्या वहीत पात्राच्या नावाने तीन रकाने पाडा: जमा, खर्च, उधार. मग एका महिन्याचा हिशेब रुपये, आणे, पै यांत लिहा.

जमेच्या बाजूस १९२१-२२ च्या पाहणीत मुंबईतील कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास निघाले. दहा वर्षांनी, मंदीत, ते ५० च्या जवळ होते. हे कुटुंबाचे उत्पन्न आहे, एका माणसाचे नव्हे, हे विसरू नका. दोन माग चालवणारा विणकर महिन्याला ४० रुपयांच्या पुढे जाई, आणि रीलिंगमधल्या बाईला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळे. शिवाय बदली कामगाराचे उत्पन्न सरासरीत पकडता येत नाही. तो रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहतो, मुकादमाची नजर पडली तर त्या दिवसाचे काम मिळते, नाही तर तो परत फिरतो.

जमेतून काय वजा होते ते पाहा. पाते तुटून किंवा डाग पडून कापड खराब झाले की ते विणकराच्याच गळ्यात मारले जाई व त्याची किंमत पगारातून कापली जाई. कित्येक ठिकाणी एक दिवस न सांगता गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार जाई, त्याला डबल खाडा म्हणत. कामावर लागताना आणि पुढेही मुकादमाला दस्तुरी, म्हणजे लाचेसारखा हप्ता, द्यावी लागे. दंडाला कायद्याने लगाम घालणारा वेतनविषयक कायदा १९३६ चा आहे, तेव्हा १९२७ मधल्या पात्राला तो कायदा ठाऊक असणे शक्य नाही.

खर्चाच्या बाजूस निम्म्याहून अधिक रक्कम अन्नावर जाते. भाडे, रॉकेल, जळण, पानतंबाखू, चहा, गावची मनिऑर्डर, लग्नकार्य आणि औषध हे सारे उरलेल्यात बसवावे लागते. ते बसत नाही. येथे तिसरा रकाना सुरू होतो.

१९२१-२२ च्या पाहणीत निम्म्याच्या जवळपास कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा एक प्रचलित दर होता रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण सोळा आण्यांना एक आणा म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. हातात काठी घेऊन पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहणारा पठाण सावकार याहूनही चढा दर लावी. पगार महिन्याचा असे आणि पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेस हाती पडे. म्हणजे गावाहून नवा आलेला माणूस पहिल्याच दिवसापासून कामावर लागला, तरी सहा आठवडे उधारीवरच जगतो. पहिला पगार हाती येतो तेव्हा तो आधीच दुसऱ्यांचा झालेला असतो. माझ्या कादंबरीचे दुसरे प्रकरण या एका वाक्यातून निघाले.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. वाणी उधार देतो तो दयेपोटी नव्हे. त्याने देणे थांबवले तर मागचे सारे येणे बुडते आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. शिवाय ज्या मुकादमाच्या शब्दावर त्याने खाते उघडले, तो मुकादम त्याच चाळीत राहतो, कधी खाणावळ चालवतो, कधी खोल्या भाड्याने लावतो. हे सर्व धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांपैकी एक ओढला की दुसरा ताणला जातो. तुमच्या कथेतील प्रत्येक दुय्यम पात्र नायकाचे काही देणे लागते किंवा नायक त्याचे देणे लागतो, हे वहीत लिहून काढा. ज्याचे नाव वहीत येत नाही, ते पात्र कथेत कशाला हवे, याचा विचार करा. माझ्या खर्ड्यातील सहा पात्रे अशी गळाली, त्यांत एक कवी होता.

५. खोली बांधा

मराठी वाचकाच्या मनात चाळ म्हटली की गिरगावातली मध्यमवर्गीय चाळ उभी राहते: गॅलरी, गप्पा, गणेशोत्सवातले नाटक. ती चाळ येथे आणू नका. १९२१-२२ च्या पाहणीतील शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि त्या खोलीत कुटुंबाशिवाय गावचे एक-दोन पोटभाडेकरूही असत. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. म्हणजे बरीच माणसे बायकामुले गावी ठेवून गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत आणि वळकट्या भिंतीशी रचून ठेवत.

इमारत कोणाची, हेही ठरवा. खासगी मालकाची, गिरणीची, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची की डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची? या शेवटच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, बीडीडी चाळी १९२० नंतर बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून त्या २०७ झाल्या. सुरुवातीस कामगार त्यांत जायला राजी नव्हते व अनेक खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९२४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत गजबजलेला जिना दाखवणे म्हणून धोक्याचे आहे.

६. घड्याळ, रस्ते, नाणी: येथे सर्वांत जास्त चुका होतात

नया पैसा १९५७ चा, म्हणून "पंचवीस पैसे" लिहू नका, चार आणे लिहा. धान्य पायली-शेराने मोजा, किलोने नव्हे. ना. म. जोशी मार्ग तेव्हा डिलाईल रोड होता. कोकण रेल्वे नव्हती. बेस्टची बस जुलै १९२६ मध्ये धावू लागली, त्याआधी ट्राम किंवा पाय. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ चे. बोलपट १९३१ मध्ये आला, त्यामुळे १९२९ मधल्या पात्राच्या ओठी सिनेमातले गाणे येणार नाही. लालबागच्या प्रसिद्ध गणपतीची स्थापना १९३४ ची आहे.

वेळेबाबत एक गंमत सांगण्याजोगी आहे. सरकारने १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू केली तरी मुंबई महापालिका १९५५ पर्यंत मुंबईची स्थानिक वेळच पाळत होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. नवी वेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी आपल्याला आणखी लवकर उठवले जात आहे म्हणून विरोधही केला होता. पात्र रेल्वे स्थानकावरचे घड्याळ पाहते की रस्त्यावरचे, हा प्रश्न त्या शहरात निरर्थक नव्हता. मी मात्र घड्याळ काढून टाकले आणि सर्वत्र भोंगाच ठेवला.

कामाचे तासही वर्षाप्रमाणे तपासा. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली, आणि १९३४ च्या कायद्याने ती १० व ५४ वर आणली. बारा वर्षांखालील मूल १९२२ नंतर कायद्याने कामावर असू शकत नव्हते. प्रत्यक्षात वय वाढवून सांगितले जाई, आणि तेथे तुम्हाला एक प्रसंग मिळतो.

७. बोली

निवेदन कोणत्या मराठीत आणि संवाद कोणत्या, हे सुरुवातीसच ठरवा. मालवणचा माणूस, कराडचा माणूस आणि नगरकडचा माणूस एकाच खात्यात उभे असतात आणि यंत्रांच्या आवाजात ओरडून किंवा खुणांनी बोलतात. माझा सल्ला असा की जी बोली तुमच्या घरात होती तीच नायकाला द्या. इतरांची बोली दोन-चार शब्दांनी सुचवा, सबंध उतारे तीत लिहू नका. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांवरची कादंबरी त्याच काळातली आहे. ती अनुकरणासाठी नव्हे, तर त्या वेळचा लेखक या माणसांना कोणत्या अंतरावरून पाहत होता हे समजण्यासाठी वाचावी. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांचे लेखन नंतरचे, पण त्यांना हे जग आतून ठाऊक होते. त्यांना वाचल्यावर माझे निम्मे संवाद मी स्वतःहून खोडले.

पुढच्या काळातील शब्द मागे नेण्याचा धोकाही मोठा आहे. १९८२ च्या संपाच्या आठवणी ताज्या असल्याने आपण नकळत त्या वेळचा संताप आणि हताशा १९२८ मध्ये ओततो. १९२८ च्या कामगाराला गिरण्या कधी काळी बंद पडून तेथे मॉल उभे राहतील, हे स्वप्नातही सुचणार नाही.

८. संप लिहिताना

संपाचे प्रकरण सभेने सुरू करू नका, वहीने करा. एप्रिलमध्ये काम थांबले तेव्हा वाण्याकडे किती देणे होते? मे संपण्यापूर्वी, बोटी चालू असेतो, कोण गावी निघून गेले? पाऊस लागल्यावर जे मुंबईत राहिले त्यांना घाटावरून फिरून जाण्याखेरीज कोकणची वाट उरली नाही. खोलीत आता कमी माणसे, मग भाडे कोणी द्यायचे? खाणावळवालीचे गिऱ्हाईक अर्ध्यावर आले, तिचे स्वतःचे देणे कोणाला? भांडी कोणत्या आठवड्यात गहाण पडली? गिरणी कामगार युनियन त्याच मे महिन्यात स्थापन झाली, हे वाचकाला सांगाच, पण नायक तिचा सभासद का झाला आणि त्याचा मुकादम कोणत्या बाजूला होता, हे वहीत असल्याशिवाय ती बातमीच राहील. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्याची योजना हे या तंट्याचे एक मोठे कारण होते. ते भाषणातून न सांगता विणकराच्या चालण्यातून दाखवता येते: दोन मागांमध्ये तो वळतो, तीन मागांमध्ये त्याला चालावे लागते.

संपफोड्यालाही हिशेब असतो. पठाणाचे व्याज थकलेला, घरी बाळंतीण असलेला माणूस दाराच्या आत जातो, तेव्हा त्याला खलनायक करण्याआधी त्याच्या तिसऱ्या रकान्यात किती आकडा आहे ते लिहा.

शेवटाविषयी एक व्यावहारिक सूचना. ऑक्टोबर १९२८ च्या पहिल्या आठवड्यात संप मिटला आणि भोंगा वाजला, त्या सकाळी कादंबरी संपवण्याची इच्छा सर्वांनाच होते. मीही तेथेच संपवली होती. पण त्या महिन्याचा पगार नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हाती येत नाही. तेवढे पाच-सहा आठवडे आणखी लिहा, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात कोण कोण उभे आहे ते मोजा, आणि नायक कोणाच्या हातावर प्रथम पैसे ठेवतो ते पाहा.